पहिली स्पिअरगन कोणती? आधी पट्टा, मग सूट, बंदूक शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याहून सिडनीला येऊन वर्ष झालं. पोहायला पक्कं येतं, लहानपण टिळक तलावात गेलं. इथे स्नॉर्केलिंग करताना मासे बघितले आणि स्पिअरफिशिंगचं, म्हणजे दम धरून पाण्याखाली भाल्याने मासे मारण्याचं, वेड लागलं. हजार डॉलर बाजूला काढलेत. दुकानात 130 सेंटिमीटरची स्पिअरगन (ताणलेल्या रबराने भाला सोडणारी बंदूक) आणि कार्बनचे फिन्स (पोहताना पायात घालायची पाती) दाखवले. घ्यावेत का? आणि दिवाळीत घरी जाताना हेच सामान मालवणला नेलं तर?

दोन्हीचं उत्तर 'नको' असं आहे. पण नुसतं नको म्हणून तुमचं समाधान होणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो. मी वेंगुर्ल्याचा. आजोबांचा पाग (फेकायचं जाळं) आणि काकांचा गळ बघत मोठा झालो, पण पाण्याखाली जाऊन मासा मारायचा हे मला सिडनीत आल्यावरच समजलं. त्यालाही आता चौदा वर्षं झाली. सामानावर मी जेवढे पैसे वाया घालवले तेवढ्यात एक बरी सेकंडहँड गाडी आली असती.

त्या 130 च्या गनपासूनच सुरुवात करू, कारण माझी पहिली गन तीच होती. विक्रेता म्हणाला, लांब गन म्हणजे लांबचा मासा. ऐकायला पटतं. पहिल्याच दिवशी पाण्यात तिचा दांडा छातीला टेकवून रबर ओढायला गेलो, तर खाचेपर्यंत हात पोचेचना. मी पाच फूट पाच. दोन-तीनदा झटापट झाली, बोटं सोलली, आणि कशीबशी भरली तोवर दम पार गेला होता. मग खडपाच्या कडेला, जिथे लाट फुटून फेस होतो तिथे, तो एवढा लांब दांडा वळवायचा म्हणजे जिन्यातून शिडी नेण्यासारखं. लाटेने मला एकीकडे ढकललं, गनला दुसरीकडे. मासा दीड मीटरवर होता. भाला गेला थेट दगडात. टोक वाकलं, मासा निवांत वळून निघून गेला. ती गन सहा महिन्यांनी निम्म्या किमतीत विकली.

सिडनीच्या किनाऱ्यालगत बऱ्याच दिवशी पाणी पाच ते आठ मीटर दिसतं. तुमचे पहिले मासे, म्हणजे लुडरिक, लेदरजॅकेट, रेड मोरवाँग, खडपाला धरून असतात आणि दोन-तीन मीटरवर येतात. इथे लागते 90 ची गन. पण गनवर पुन्हा येतो. पैसे खर्च करायचा क्रम वेगळा आहे, आणि तो अंगाला चिकटणाऱ्या वस्तूंपासून सुरू होतो.

मास्क. स्कूबावाले, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन उतरणारे, मोठ्या काचेचे मास्क वापरतात, ते आपल्याला चालत नाहीत. खाली जाताना दाबाने मास्क चेहऱ्यावर आवळत जातो आणि नाकातून त्यात थोडी हवा सोडावी लागते. ती हवा तुमच्या फुप्फुसातली, म्हणजे मोजकी. म्हणून मास्कच्या आतली जागा कमीत कमी हवी आणि नाक बोटांनी बाहेरून चिमटीत धरता यायला हवं, कारण कानातला दाब त्यानेच सोडवायचा असतो. दुकानात पट्टा डोक्यावर न घेता मास्क नुसता चेहऱ्याला लावा, नाकाने हलका श्वास आत ओढा, हात सोडा. पडला नाही आणि कुठे टोचला नाही तर तो तुमचा. ब्रँड कोणताही असो. साठ-सत्तर डॉलरचा मास्क बसत असेल तर दीडशेच्याकडे बघूही नका. मिशी असेल तर नाकाखालची एक बारीक पट्टी कापा किंवा व्हॅसलिन लावा. मिशीतून पाणी झिरपतं म्हणून मास्क बदलून आणणारे मी पाहिलेत. मास्कचा काही दोष नसतो. चष्मा असेल तर नंबरच्या काचा बसणारं मॉडेल विचारा. आणि नवा मास्क वापरण्याआधी काच आतून साध्या टूथपेस्टने चार-पाच वेळा घासून धुवा. कारखान्यातून येताना काचेवर एक पातळ थर असतो, तो निघाला नाही तर कितीही थुंका, वाफ धरणारच.

स्नॉर्केल साधं घ्या. इंग्रजी जे अक्षराच्या आकाराची, एकही झडप नसलेली नळी. वीस-तीस डॉलर. खाली जाताना ती तोंडातून काढायची, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. बेशुद्ध पडलेल्या माणसाच्या तोंडात नळी असेल तर पाण्याला आत जायला सरळ रस्ता मिळतो.

फिन्स लांब पात्याचेच हवेत, पण प्लास्टिकचे. कार्बन सुंदर असतं, पायाला हलकं लागतं, मी आज तेच वापरतो. पण नवखा माणूस खडपावरून पाण्यात उतरताना आणि त्याहून जास्त बाहेर येताना फिन्स दगडावर आपटतोच. कार्बनला चीर गेली की तीनशे डॉलर संपले. प्लास्टिक फक्त ओरखडतं. पातं मऊ असावं. कडक पातं पोटऱ्या जाळून टाकतं, आणि थकलेला पाय ऑक्सिजन खातो. आधी निओप्रीनचे, म्हणजे वेटसूटच्याच रबराचे, मोजे घ्या, मग ते घालूनच फिन्स बघा. अनवाणी पायाने माप घेतलं की घरी आल्यावर मोज्यांसकट पाय आत जात नाही. ही चूक जवळजवळ प्रत्येक जण एकदा करतो.

वेटसूटवर मात्र कंजुषी करू नका. सिडनीचं पाणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सतरा-अठरा अंशांवर उतरतं आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तेवीस-चोवीसपर्यंत चढतं. इथली गोरी पोरं उन्हाळ्यात नुसत्या चड्डीवर उतरतात, त्यांच्या नादी लागू नका. आपण कुडकुडलो की पहिली जाते ती शांतता, आणि शांतता गेली की दम चाळीस सेकंदांवरून वीसवर येतो. एकच सूट घ्यायचा तर दोन तुकड्यांचा, टोपी जोडलेला, पाच मिलिमीटरचा घ्या. फक्त नोव्हेंबर ते एप्रिल जाणार असाल तर साडेतीन पुरतो.

आतून ओपन सेल असलेला सूट घ्या. म्हणजे आत कापडाचं अस्तर नाही, उघडं रबर थेट कातडीला चिकटतं, पाणी आत खेळत नाही. ऊब अफाट, पण कोरड्या अंगावर तो चढत नाही. जबरदस्ती केलीत तर फाटेल. पाण्याच्या बाटलीत दहा भाग कोमट पाणी, एक भाग केसांचं कंडिशनर, हलवून अर्धं पँटमध्ये, अर्धं जॅकेटमध्ये. मग अंगावर मासा सरकावा तसा सूट सरकतो. ओढताना नखं लावायची नाहीत, बोटांची पेरं वापरायची. माझ्या पहिल्या सूटच्या डाव्या मांडीवर चंद्रकोरीसारखे चार काप होते, चारही माझ्याच नखांचे. फाटलं तर निओप्रीनचा गोंद मिळतो, घाबरायचं कारण नाही. हे सगळं कार पार्किंगमध्ये उभ्याने करायचं असतं. पहिल्या दिवशी लाज वाटते. नंतर नाही.

सूट गळ्याशी आवळत असेल तर तो घेऊ नका, मग सेल कितीही मोठा लागलेला असो. दोन तास गळा दाबून कुणी पोहू शकत नाही. आणि पाठीच्या मणक्यावर कापड झोळीसारखं लोंबत असेल तर तिथे थंड पाणी साठणार. ऑनलाइन मागवू नका. पहिला सूट अंगावर चढवूनच घ्यायचा.

आता पट्टा. प्रश्नात याचा उल्लेखही नव्हता, आणि माझ्या मते हजार डॉलरमधली सगळ्यात महत्त्वाची वस्तू ही पन्नास डॉलरची आहे.

सूट तरंगतो, म्हणून कमरेला शिसं बांधायचं. पट्टा रबराचाच हवा. नायलॉनचा स्कूबावाला नाही. कारण दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, सूटमधले हवेचे बुडबुडे निम्मे होतात, सूट पातळ होतो आणि तुमची कंबर बारीक होते. रबर ताणलेलं असतं, ते सोबत आखडतं. नायलॉन आहे तिथेच ढिला पडतो. डोकं खाली करून जाणाऱ्या माणसाच्या अंगावर ढिला पट्टा कुठे जाणार? बगलेकडे.

माझ्या पहिल्या हिवाळ्यात सिडनीतल्या लाँग बेला गेलो होतो. पट्टा एका स्कूबा करणाऱ्या मित्राकडून मागून आणलेला, नायलॉनचा, त्यावर नऊ किलो. 'जास्त शिसं म्हणजे खाली जायला सोपं' एवढंच माझं शास्त्र. आठ मीटरवर एका कपारीत डोकावलो आणि पट्टा बरगड्यांवर आला. श्वास नव्हताच, पण छाती आवळल्यासारखी झाली. वर निघालो तर पाय मारतोय आणि वर जाणं होत नाहीये. बकल शोधायला कमरेवर हात नेला, तिथे काही नाही. ते फिरून डाव्या बगलेखाली गेलं होतं. बरोबरचा म्हातारा ग्रीक, ज्याने मला हे सगळं शिकवलं, वरून बघत होता. त्याने खाली येऊन माझं कोपर धरलं आणि वर ओढलं. वर आल्यावर तो काही बोलला नाही. माझा पट्टा काढला, शिशाचे दोन ठोकळे उपसून आपल्या फ्लोटच्या (पाण्यावर सोबत तरंगणाऱ्या बोयाच्या) पिशवीत टाकले आणि पट्टा परत दिला. त्या दिवशी उरलेला वेळ मी सात किलोवर डुबलो. आजही पाच मिलिमीटरच्या सूटमध्ये सातच घालतो.

तुमचं वजन किती लागेल हे कुणी लिहून सांगू शकत नाही, पण तपासायचं कसं ते सांगतो. पाय टेकणार नाहीत अशा शांत पाण्यात पूर्ण सामान घालून, फिन्स न हलवता उभे तरंगा. नेहमीचा श्वास सोडा, जोर लावून नाही, उसासा टाकतो तसा. पाणी मास्कच्या मध्यावर येऊन थांबलं तर ठीक. डोकं पाण्याखाली गेलं तर एक किलो काढा आणि पुन्हा बघा. श्वास सोडल्यावर पाणी मास्कच्या मध्यावर थांबलं की समजा तुमचं वजन बरोबर आहे. अशा वजनावर साधारण दहा मीटरच्या आसपास तुम्ही ना वर ना खाली असे लटकता. त्याच्या वर आलात की समुद्र स्वतः तुम्हाला वर ढकलतो. पहिले दोन-तीन मीटर खाली जायला कष्ट पडतील. ते कष्ट म्हणजेच तुमचा विमा आहे, शिसं वाढवून तो मोडू नका.

कारण बेशुद्धी येते ती बहुधा वर येताना, शेवटच्या काही मीटरमध्ये. दहा मीटरवर फुप्फुसातल्या ऑक्सिजनचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणून मेंदूला वाटतं सगळं छान आहे. वर येताना दाब निम्मा होतो, ऑक्सिजनचा दाबही निम्मा, आणि माणूस कोणतीही सूचना न मिळता मालवतो. उतरण्याआधी जोरजोरात श्वास घेणाऱ्याला हे जास्त होतं, कारण श्वास घ्यावासा वाटतो तो कार्बन डायऑक्साइड साठल्याने, ऑक्सिजन संपल्याने नाही. तो आधीच फुंकून टाकला तर धोक्याची घंटाच काढून टाकली. म्हणून एक खाली, एक वर. वरचा माणूस फक्त बघतो, आणि खालचा वर आल्यावरही अर्धा मिनिट त्याच्या तोंडाकडे बघत राहतो. पाण्याखाली जितका वेळ होतो त्याच्या निदान दुप्पट वेळ वर श्वास घ्यायचा. टिळक तलावात या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात जाणारा माणूस इथे जास्त धोक्यात असतो, कमी नाही. त्याला दम ताणायची सवय असते.

म्हणून तुमच्या हजारातले चारपाचशे डॉलर मी दोन-तीन दिवसांच्या फ्रीडायव्हिंगच्या, म्हणजे दम धरून बुडी मारायच्या, कोर्सला घालायला लावीन. हे ऐकून चेहरा पडेल, माहीत आहे. मग कोर्स आधी, सूट-मास्क-फिन्स-पट्टा नंतर, आणि बंदूक पुढच्या दोन पगारांनंतर. दोन महिने बंदुकीशिवाय बुड्या मारा. मासे कुठे बसतात, कुठल्या लाटेला कपारीतून बाहेर येतात, तुम्ही स्थिर झालात की कुतूहलाने कसे जवळ येतात, हे सगळं बंदूक हातात नसताना जास्त दिसतं.

फ्लोट आणि झेंडा याबद्दल वाद घालू नका. निळा-पांढरा अल्फा झेंडा ('खाली माणूस आहे' अशी खूण) लावलेला फ्लोट आणि त्याला वीस-पंचवीस मीटरची तरंगती दोरी. सिडनीत रविवारी सकाळी बोटींची गर्दी असते आणि पाण्याबाहेर आलेलं काळं टोपीवालं डोकं बोटवाल्याला सील किंवा शेवाळ वाटतं. दोरीचं दुसरं टोक गनच्या मागच्या बाजूला, कधीही स्वतःच्या अंगाला नाही. दोरी केल्पमध्ये (लांब समुद्री शेवाळात) किंवा खडकात अडकली तर गन सोडून वर यायचं. गन दोनशे डॉलरची असते. मारलेला मासाही फ्लोटलाच लटकवायचा, कमरेला नाही. उबदार महिन्यांत हार्बरमध्ये बुल शार्क येतात, आणि रक्ताळलेला मासा कमरेला बांधून फिरणं म्हणजे आमंत्रणाची पत्रिका कमरेला लावणं.

सुरी छोटी, बोथट नसलेली, दंडावर किंवा पट्ट्यावर, दोन्ही हात पोचतील अशी. मासा मारायला आणि दोरी कापायला. पायाला बांधू नका, दोरी नेमकी तिच्यातच अडकते. हातमोजे हार्डवेअरच्या दुकानातले रबर लावलेले सात-आठ डॉलरचे घ्या, ब्रँडचे नकोत, कालवं आणि दगड तीन महिन्यांत दोन्ही सारखेच फाडतात.

आता बंदूक.

90 सेंटिमीटरची रेल गन. नळीवर वरून खोबण असते, भाला त्यात सरळ बसतो. एकच 16 मिलिमीटरचं रबर, 7 मिलिमीटरचा भाला, टोकाला एक पाकळी जी माशातून आरपार गेल्यावर उघडते. दक्षिण आफ्रिकेच्या रॉब ॲलन आणि राबिटेक या नावांच्या गन इथे सहज मिळतात, युरोपातल्या क्रेसी, बुशा, साल्विमारही. तुलना करण्यात रात्री घालवू नका. पहिल्या वर्षी तुम्हाला फरक कळणार नाही, मलाही कळला नव्हता. दुकानात एवढंच बघा: मूठ हातमोजा घालून नीट धरता येते का, ट्रिगरवर बोट सहज पोचतं का, सुटे रबर आणि भाले त्याच दुकानात कायम मिळतात का. रबर हे झिजणारं सामान आहे. त्याला बारीक भेगा दिसू लागल्या की बदला. भरताना तुटलेलं रबर तोंडावर बसतं, आणि दात महाग आहेत इथे.

दोरी गुंडाळायचं रील नको. दोन रबरं नकोत. हवेच्या दाबावर चालणारी न्युमॅटिक गन नको. ती लहान आणि जोरदार असते, पण तिच्या सील आणि तेलाची निगा राखणं हा वेगळाच धंदा आहे. लाकडी गन तर बघून मोह होईल अशी असते. तिला अजून वेळ आहे. उलट पैसे फारच कमी असतील तर हँडस्पिअर घ्या, म्हणजे मागे रबराचा फास असलेली नुसती काठी. तिने मासा मारायला दीड मीटरच्या आत जावं लागतं, म्हणून ती माणसाला संयम शिकवते. माझा मुलगा त्यावरच शिकला आणि आज तो माझ्यापेक्षा शांत डुबतो.

गन भरायची कशी हे कागदावर शिकता येत नाही, तरी तीन गोष्टी लिहून ठेवतो. पाण्यातच भरायची आणि पाण्यातच रिकामी करायची. बोटीत, खडपावर, घरात, हौस म्हणूनही नाही. पाण्यात तीन-चार मीटरवर थकणारा भाला हवेत माणसाच्या आरपार जातो. दुसरी गोष्ट, सेफ्टीवर विश्वास ठेवू नका. ती प्लास्टिकची किंवा धातूची छोटी खिटी आहे, आत वाळूचा कण अडकला की तिचा भरवसा नाही. तिसरी, भरलेली गन कायम जोडीदाराच्या विरुद्ध दिशेला. माझ्याबरोबर आलेल्या नवख्याची गन दुसऱ्यांदा माझ्याकडे वळली की मी त्या दिवसापुरता घरी जातो. आजवर तीन जणांना राग आलाय. येऊ दे.

माप. हा भाग नवख्यांना सगळ्यात जड जातो. गळाला लागलेला लहान मासा सोडता येतो, भाला लागलेला सोडून उपयोग नाही. पाण्याखाली मास्कमधून सगळं एक तृतीयांश मोठं आणि जवळ दिसतं. न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनीच्या राज्यात, लुडरिक निदान 27 सेंटिमीटरचा हवा. 27 चा लुडरिक तुम्हाला 36 चा भासतो. म्हणजे 'बरा मोठा' वाटणारा मासा बऱ्याचदा बेकायदा निघतो. किंगफिशला 65 ची अट आहे. मी गनच्या नळीवर रंगाने खुणा केल्यात, आणि मासा नळीशेजारून आडवा गेला तरच त्यांच्यावर भरवसा ठेवतो. शंका आली की मारायचं नाही. पहिल्या वर्षी तुम्हाला प्रत्येक माशाबद्दल शंका येईल, आली पाहिजे.

बाकी नियम घाईत सांगतो, पण ते स्वतः वाचा, कारण ते बदलत असतात. समुद्रात मासे धरायला शासनाची फी भरावी लागते, ती तीन दिवसांपासून तीन वर्षांपर्यंतची मिळते. स्कूबाच्या टाकीवर भाल्याने मासा मारता येत नाही, टॉर्च लावूनही नाही. समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवर दोन्ही टोकांचे वीस मीटर सोडले तर भाला चालत नाही. मॅनलीजवळच्या कॅबेज ट्री बेसारख्या राखीव जागांत काहीच काढता येत नाही. तिथे फक्त बघायला जा. बघायला तर जाच, कारण तिथले मासे माणसाला भीत नाहीत, आणि त्यांची सवय तुम्हाला तिथेच कळेल.

आणि ब्लू ग्रोपर. निळा, कुत्र्यासारखा मागे मागे येणारा, माणसाच्या हातातलं खाणारा मोठा मासा. मादी तपकिरी असते. हा या राज्याचा मासा आहे आणि 1969 पासून त्याला भाल्याने मारायला बंदी आहे. डिसेंबर 2023 मध्ये सिडनीतल्या क्रोनुलाच्या किनाऱ्यावर, ओक पार्कला, कुणीतरी एक मारला. त्या माशाला वस्तीतली पोरं नावाने ओळखत होती. एवढा गदारोळ झाला की पुढच्या वर्षी गळाने धरायलाही बंदी आली. नवख्याला सगळ्यात सोपा दिसणारा मासा नेमका हाच आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं.

मालवणचं. स्पिअरगन नेऊ नका. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झालं आहे. शिवाय अभयारण्याची हद्द सोडली तरी त्या पाण्यावर रापणवाले, गळवाले, पागवाले यांची घरं चालतात. सुट्टीवर आलेला परदेशातला माणूस बंदूक घेऊन उतरला तर गावात काय बोललं जाईल हे मला ऐकू येतंय, आणि ते बरोबरच असेल. विमानतळावर भाल्यांच्या पिशवीचा खुलासा करत बसावं लागेल ते वेगळंच. मास्क, स्नॉर्केल, फिन्स न्या. पाणी ऊबदार, सूट नको, जुना टीशर्ट पुरे. पाऊस जाऊन महिना-दीड महिना झाला की पाणी निवळतं; सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास स्थानिक बोटवाल्याला घेऊन उतरा. आमच्याकडे ज्याला तांबोसा म्हणतात तो ताटात शंभरदा पाहिलेला मासा पाण्यात जिवंत बघताना मला पहिल्यांदा ओळखू आला नव्हता.

सेकंडहँडबद्दल. फिन्स, पट्टा, शिसं, फ्लोट, सुरी खुशाल जुनं घ्या. शिसं तर जुनंच घ्या, त्याला काय होतंय. जुनी गन घेतलीत तर रबर, दोरी आणि भाला तिघंही पहिल्याच दिवशी बदला आणि ट्रिगरची यंत्रणा कुणा जाणकाराला दाखवा. मास्क जुना चालतो, तुमच्या चेहऱ्याला बसला तर. सूट मात्र नवा. दुसऱ्याच्या ओपन सेल सूटमध्ये दुसऱ्याने काय काय सोडलंय, ते मी इथे लिहीत नाही.

हिशेब मांडायचा तर माझा अंदाज असा: मास्क-स्नॉर्केल शंभर, मोजे आणि फिन्स पावणेदोनशे, सूट तीनशे, पट्टा आणि शिसं शंभर-सव्वाशे, फ्लोट-झेंडा-दोरी सव्वाशे, सुरी-हातमोजे-किरकोळ साठ. नऊशेच्या आत बसलात. बंदूक यात नाही, कोर्सही नाही. हजार डॉलरमध्ये सगळं बसत नाही हे तुम्हाला दुकानाने सांगायला हवं होतं.

पहिला लुडरिक मिळाला तर एक लक्षात ठेवा. तो शेवाळ खातो, आणि पोट साफ करायला तासभर उशीर केला तर मांसाला गटारासारखा वास येतो. इथले बरेच जण त्याला नावं ठेवतात ती त्यामुळेच. मासा वर आणल्या आणल्या सुरीने मेंदूत टोचून मारा, कल्ले कापून रक्त जाऊ द्या, खडपावर येताच पोट साफ करा, आतली काळी पातळ साल बोटाने खरवडून काढा आणि बर्फात टाका. पेटीत बर्फ घरून न्यायचा, परतताना विकत घेऊ म्हणालात तर उशीर होतो. मग त्याच्या तुकड्या करून तिरफळ घातलेल्या कालवणात सोडा. तिरफळं दिवाळीहून येताना आणा. इथल्या इंडियन दुकानात मिळणारी बहुधा जुनी असतात.